मुकं पान

देवपूरच्या आमच्या कॉलनीत माझ्या शेजारच्या गृहस्थांना सगळे फुकटे म्हणतात. ते खोटं आहे, आणि दोष माझा आहे.

त्यांना दिसत नाही. फोन जे वाचून दाखवतो, ते त्याच सपाट आवाजात बोलून दाखवायची त्यांना हौस. नळाला पाणी कधी सुटणार हे कळावं म्हणून मी कॉलनीची वेबसाइट करवून घेतली. पान उघडलं की आधी रिकामं असे, वेळ क्षणभराने आपोआप त्यात येऊन बसे. डोळसांना ती दिसे. शेजाऱ्यांच्या फोनला मात्र तिची चाहूलही लागत नसे, म्हणून तो ती वाचून दाखवत नसे. पाणी हुकलं की ते बादली-टॉवेल घेऊन माझ्या दारात हजर.

"नाना, तुमचं बठ्ठं पान मुकं शे."

"अख्खं पान मुकं? अहो, स्पष्ट दिसतंय की!"

"तेच तं सांगू राहिलो. नुसतं दिसतं!" म्हणत ते थेट न्हाणीघरात.

उन्हाळाभर ते आमच्याकडे आंघोळले, तेव्हा कुठे मी पान बोलतं करवून घेतलं.

पुढच्या पाण्याला पुन्हा बादली घेऊन दारात. मी सवयीने बाजूला झालो. या वेळी बादली भरलेली होती.

"पाणी येऊन गेलं, नाना. पान बोललं." मग फोनच्या आवाजात, "तुम्ही. झोपले. होते. आंघोळ. करून घ्या."