परत आलेला अंगरखा

"संवत १७३५, माघ वद्य पंचमी. सकाळी धुकं. रावळ्यातल्या दोन गाई व्याल्या. पातशहाची खिलत आली. परवा रावजी वेशीबाहेर पायी जाऊन ती अंगावर घेणार."

जोगणगढच्या रावळ्याची, म्हणजे जनान्याची, ही रोजनिशी केसरबाई लिहायची. जातीने शिंपीण, अक्षरं लहानपणी एका जैन साधूने शिकवलेली. नवरा पेमा तोशाखान्याचा, म्हणजे रावांच्या कपड्यांच्या कोठाराचा, शिंपी होता. पातशहाकडून खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आला की आधी शिंप्याने तो घालायचा. म्हणायचं मापासाठी, खरं कारण सगळ्यांना ठाऊक: कापडात विष असलं तर आधी त्याला बाधावं. पोशाख नाकारला तर ते बंड ठरे.

सात वर्षांपूर्वी पेमाने असाच एक अंगरखा घातला आणि काखेत आत घेऊन रावांना दिला. नवव्या दिवशी तो गेला, अकराव्या दिवशी थोरले राव, आताच्या रावजींचे वडील. गावात देवीची साथ होती, म्हणून विष की देवी ते कुणालाच कळलं नाही. मग जप्तीसाठी पातशहाची माणसं आली आणि रावांचे पोशाखसुद्धा दिल्लीला घेऊन गेली.

आता तोशाखान्याचा शिंपी होता तिचा मुलगा, नाथू.

दुपारी नाथूने पेटी उघडली. केसरने जरीचा अंगरखा उलटा केला आणि तिचा हात थांबला. डाव्या काखेत आखूड, तिरके टाके. तसे टाके एकटा पेमा घालायचा. हा तोच अंगरखा होता.

"काय गं मा? भूत पाहिलंस?"

"काही नाही. आण इकडे. मी घालते."

"तू? विधवा बाई पातशहाच्या जरीत! लोक हसून मरतील."

"मरू देत. तू तर राहशील."

"मा, माझं काम आहे हे."

"तुझ्या बायकोला सातवा महिना आहे. दार लाव."

अंगरखा थंडगार होता. मानेशी कुणीतरी श्वास सोडतंय असं तिला वाटत राहिलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ती हलली नाही. टाक्यांबद्दल ती नाथूला बोलली नाही, कुणालाच नाही. सप्तमीला रावजींनी तो घातला, दिल्लीकडे तोंड करून तीनदा वाकले.

केसर दिवस मोजत होती. नववा गेला. अकरावा गेला. पंधराव्या दिवशी रावजी शिकारीला निघाले, आणि नाथू भाजीत मीठ नाही म्हणून बायकोशी भांडला. म्हणजे पेमाला देवीच आल्या होत्या? की विष त्या दोघांच्याच अंगात मुरून संपलं होतं? अंगावर साधी ओढणी असतानाही डाव्या काखेत तिला ते टाके बोचत होते.

त्या संध्याकाळी अंगरख्याचं एक अक्षरही न घालता तिने रोजनिशीत लिहिलं: "पाणेऱ्यातला मोठा माठ फुटला. कुंभाराला दोन नवे सांगितले."