आखाड्यावरचे बूट

सांगलीहून आजोळी निघाले की आमच्या वॉर्डातल्या सिस्टर दरवर्षी विचारतात, "परभणीकडं बघायला आहे तरी काय?" आणि दरवर्षी माझं टाळकं फिरतं. यंदा मी एवढंच म्हणाले, "माझ्या मामांचे पाय आहेत बघायला." त्या खो खो हसल्या. मी दवाखान्यात जखमांचं ड्रेसिंग करते, शुगरवाल्यांचे पाय बघण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. त्यांना वाटलं, बाई सुटीतही पायच बघणार. पण मी चेष्टा करत नव्हते. राणीसावरगावच्या माझ्या सोपानमामांचे पाय म्हणजे आमच्या घराण्याची शान. हा माणूस जन्मात कधी चप्पल घालून शेतात गेला नाही. सोपानरावाला काटा रुतत नाही, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल.

सकाळी गंगाखेडला रेल्वेतून उतरले. इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. स्टेशनबाहेर चहा घेऊन जीपमध्ये बसले, तर शेजारच्या बाईच्या मांडीवर कोरं मडकं.

"कुण्या गावाला जायलाव माय?" तिनं विचारलं.

"राणीसावरगावला. सोपानरावांची भाची मी."

"काटा रुतत न्हाई त्येच का?" बाई लगेच सरकली आणि मला खिडकीची जागा दिली. मी ऐटीत बसले. खिडकीबाहेर हिरवीगार ज्वारी, शेंगांनी वाकलेली तूर आणि मधूनमधून नांगरलेली काळीभोर जमीन. ही माती दृष्टीस पडली की मला भूक लागते.

दुसऱ्या दिवशी येळवस (मार्गशीर्षातली अमावास्या, या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं) होती. मामांच्या आखाड्याजवळ (शेतातलं छोटं घर) कडब्याची खोप उभी होती. पूजा झाली. बाजरीचे वाफवलेले उंडे, भज्जी (पालेभाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली घट्ट भाजी) आणि मडक्यातली गार आंबील. सांगलीत मी हेच सगळं करून बघते, पण ती चव येत नाही ती नाहीच.

जेवणाआधी आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात. मामा पुढे, त्यांच्यामागे मी. बांधाकडेला बाभळी होत्या. मी जपून पाय टाकत होते आणि मामा मात्र रस्त्यावरून चालावं तसे चाललेले. त्यांची टाच उचलली गेली की खालची बाजू मला दिसायची. तीनचार पावलांनंतर मला दिसलं ते असं: टाचेत बाभळीचा काटा रुतलेला, त्याच्या शेजारी एक जुनी जखम, कडेनं काळपट. आणि मामा जराही लंगडत नव्हते.

"मामा, थांबा. काटा मोडलाय टाचेत."

"आसंल की. मला कुटं रुततोय?" मामांनी हसत आंबील शिंपडली.

मी त्यांना दंडाला धरून आखाड्यावर आणलं. ते वैतागले, पण मी त्यांचीच भाची. बाजेवर बसवलं, डोळे मिटायला लावले, मामींकडून कापसाचं बोंड घेतलं आणि म्हणाले, "बोटाला कापूस लागला की सांगा." मामा शांत बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "लाव की सुमे. कवा लावायलीस?"

मी दोन्ही पायांच्या सगळ्या बोटांना लावून झालं होतं.

मामींनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मामांना शुगर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, गोळ्याही चालू होत्या. पण त्या शुगरनं पायातली जाण कधी नेली, ते कुणालाच कळलं नव्हतं. काटा रुतत होताच. कळत नव्हता. आणि गावानं, आम्हीही, त्यालाच मातीची कृपा समजून मिरवलं.

मामी बिब्बा घेऊन आल्या. इकडे काटा मोडला की त्या जागी बिब्ब्याचा चटका देतात. मी त्यांचा हात धरला. ज्या पायाला जाण नाही, त्याला चटका दिला तर भाजलेलंही समजणार नाही. काटा वरच होता म्हणून काढला, जखम स्वच्छ पाण्यानं धुतली, कोरडी पट्टी बांधली आणि त्याच दुपारी मामांना गंगाखेडला नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, "वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता, तर पाऊल वाचवणं अवघड होतं. आता घरात नाही, शेतात नाही, कुठेच अनवाणी चालायचं नाही."

घरी आल्यावर मामा एकदम भडकले. "काळ्या आईवर चप्पल घालून जाऊ? माझ्या बापानं घातली न्हाई. त्यापरीस शेतच सोडतो." आणि खरंच सोडतील असा चेहरा. मी दवाखान्यातलं सगळं ज्ञान ओतलं. काही उपयोग झाला नाही.

मामी तोवर भाकरी थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "अवं, पाखऱ्याच्या पायात लोखंडी नाल ठोकताव. त्यो काय बांधावर नाल काढून शेतात जातोय का?"

"त्यो बैल हाय. खडीवर चालतोय."

"अन् तुमी काट्यावर चालताव. रोज सांजच्याला त्येचा येकयेक खूर उचलून बगताव, खडा काढताव. त्याची लाज वाटत न्हाई. उद्यापसून तुमचा खूर मी बगनार."

मामा आधी मामींकडे बघत राहिले, मग इतके हसले की ठसका लागला. तेव्हाच मला कळलं, गड जिंकला. पण मामांनी अट घातलीच: बूट आखाड्यावरच राहणार, रस्त्याचं तोंड बघणार नाहीत; रस्त्याची घाण काळ्या आईवर नको.

बूट आणायला मीच गेले; पायाचं माप संध्याकाळी घेतलं होतं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळचं माप आवळतं. पट्टी मावेल असे ऐसपैस कापडी बूट घेतले. मामींनी त्यांना हळदकुंकू लावलं. मी रजा वाढवली. रोज संध्याकाळी आधी पाखऱ्याचे खूर, मग मामांचे पाय. पाणी किती गरम ते मामी स्वतःच्या कोपरानं बघायच्या. जखम नसलेला पाय धुऊन बोटांच्या बेचक्या टिपायच्या, नाहीतर चिखल्या होतात. भेगांना तेल, बेचकीत मात्र नाही. कुरूप ब्लेडनं कापायची मामांची जुनी खोड त्यांनी ब्लेडच लपवून मोडली. आणि शेकोटीपाशी पाय न्यायला बंदी.

जखम भरू लागली तशी मी निघाले. मामांनी गाडी जुंपली, चालायचं नव्हतंच. बांधावर गाडी थांबवून त्यांनी शेतातले बूट काढून आखाड्यावर ठेवायला, निरोप द्यायला आलेल्या मामींकडे दिले आणि रस्त्याच्या चपला हातात घेतल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी चपलेच्या आतून बोटं फिरवली. खडीचा एक टोकदार कपचा निघाला. तो माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "घे. ह्यो मला कळला नसता गं सुमे." मग ताठ बसून त्यांनी बैलांना हाक दिली. आयुष्यभर ज्या पायांवर मिरवला, त्या पायांची गोष्ट त्या माणसानं इतक्या सरळपणे बदलली. मला त्यांचा एवढा अभिमान याआधी कधीच वाटला नव्हता.

सांगलीत वॉर्डात शिरले, तर सिस्टरांनी घेरलंच. "काय, बघितले का मामांचे पाय?"

"बघितले," मी म्हणाले. "दोन्ही."