शेवटची पेटी

मोहाडीत मास्तर म्हणून लागलो तेव्हा समोरच्या घरात एक काका एकटेच राहत. मुलाने सुट्टीत आणून ठेवलेला कॉम्प्युटर त्यांच्याकडे होता. त्यावर ते फ्लॉपीतला एकच खेळ खेळत. पडद्यावरच्या छोट्या माणसाने पेट्या ढकलून खुणेच्या जागी न्यायच्या. त्याला ओढता येत नसे, म्हणून पेटी कोपऱ्यात गेली की डाव अडकला.

"ढकलाले सोपं हाय गा मास्तर, मांगं आनाले नाही जमत," असं म्हणत ते शेंगदाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवत.

दुपारभर डाव सोडवून ते शेवटची पेटी तशीच ठेवत. मी शाळेतून आलो की खुर्ची सोडत. "ये, हे तुह्या वाट्याची." मी येण्याआधीच लाईट गेली तर डाव पुसला जाई. ते चिडत नसत. एवढंच विचारत, "काहून गा, आज उशीर?"

खेळ सुरू होताना इंग्रजी मजकूर येई. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. मोठ्या उत्साहाने त्यांना अर्थ सांगितला होता, 'आवडल्यास एक प्रत मित्राला द्या.'

माझी बदली झाली. निघताना त्यांनी फ्लॉपीच माझ्या हातात ठेवली. प्रत काढणं आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

"काका, माझ्याकडे कुठे कॉम्प्युटर? आणि तुम्ही काय खेळाल?"

"दोस्ताले द्या म्हनते ना तो?" ते म्हणाले. मग माझी पिशवी उचलून रस्त्यापर्यंत आले. "अन् येशीन तवा संगं घेऊन येजो."