ताण दिलेली संक्रांतवेल

माझं माहेर पाथर्डीकडचं आणि सासर शिर्डीच्या अलीकडे, पेरूच्या बागांत. जिल्हा एकच, पण माहेरी उन्हाळ्यात टँकरमागे पळायचं आणि सासरी पाटाचं पाणी दारासमोरून वाहायचं. नवी नवरी असताना कुणी बघत नसलं की मी उगाच पाटात पाय सोडून बसायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शिर्डीत तेव्हा जिकडेतिकडे नवी लॉज उठत होती. एका लॉजच्या फाटकावर नारिंगी फुलांनी झाकलेली कमान पाहिली आणि मी हट्टाला पेटले, आपल्याही अंगणाला अशीच हवी. सासऱ्यांनी मोडक्या ट्रॉलीच्या लोखंडाची कमान करून दिली, मी रोपवाटिकेतून संक्रांतवेल आणली. त्या भरल्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मग काय, सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. माहेरी पाण्यावाचून जळालेली झाडं पाहिली होती, इथे हात कशाला आखडायचा? वेल अशी मातली की कमान हिरवीगार झाली. पण संक्रांत आली नि गेली, फूल म्हणून एक नाही. पुढच्या वर्षीही तेच. सासूबाईंना तोंडसुख घ्यायला आयतं निमित्त मिळालं. "यंदा फुलली तर फुलली," त्यांनी बजावलं, "न्हाईतर उपटून दोडका चढवू. भाजी तरी हुईल." आणि त्या नुसत्या बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

दिवाळी झाल्यावर सासरे मला म्हणाले, "पोरी, पानी तोड तिचं." पेरूला बहार धरायच्या आधी ताण देतात, म्हणजे पाणी बंद करून पानं गळू देतात, मग झाड फुलावर येतं. बागेत हे मी दरवर्षी बघत होते, पण वेलीलाही तसंच करायचं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं तरी हात धजावला नसता. जवळ पाणी असताना तहानलेल्याला न देणं, याला माझ्या माहेरी पाप म्हणायचे.

तरी दिलाच ताण. पानं पिवळी पडून अंगणात गळायला लागली. मी ती झाडून काढायचे आणि मनातल्या मनात सासऱ्यांना बोल लावायचे. एका दुपारी राहवेना, बादली भरून निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"ठिव ती खाली. मेली तर मी नवी आनून देईन."

दोडका चढवायला टपलेल्या बाईनं असं म्हणावं! मला रडूही आलं आणि हसूही.

थंडी वाढली तशा टोकाटोकाला कळ्यांचे घोस दिसले. मग सासऱ्यांनी बेताबेतानं पाणी द्यायला लावलं. संक्रांतीला कमानीचं लोखंड दिसेनासं झालं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाई मुद्दाम कमानीखालून आत आणत आणि "आमची वेल" म्हणून दाखवत. मी कौतुकानं फुगून गेले होते, म्हणून तेही खपवून घेतलं.

त्याच आठवड्यात माझे वडील मला भेटायला आले. कमानीपाशी थबकले. "हितं पाट हाय, फुलंलच की," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता, पण हरलेपण होतं, आणि ते मला फार लागलं. आईच्या हौसेपायी त्यांनी दारात लावलेलं एकही रोप जगलं नव्हतं.

मी सगळी हकीकत सांगितली. बादल्या ओतल्या तेव्हा फुलली नाही, पाणी तोडलं तेव्हा फुलली. ते ऐकता ऐकता हसायला लागले. "मंग आपल्याकडं तर बारमाही ताण हाय!"

हसू थांबलं तरी ते कमानीखालून हलेनात.

"लावल्यावर जगवायला किती पानी लागंल हिला?" त्यांनी विचारलं.

"भांडी विसळलेलं पुरेल."

"तेवढं असतंय की आपल्याकडं."

लेकीच्या सासरी पाण्याखेरीज काही न घेणारे माझे वडील सासऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, "पाव्हणं, एक फांदी द्याल का?"