शाल मिळाल्याची सही

माझा धाकटा भाऊ दौलत आमच्या रिटायर लोकांच्या संघटनेचा सेक्रेटरी. कंपनीच्या शिवडीच्या गोदामात त्याला मीच चिकटवला. मी सातवी पास, पण तिथला मुकादम. माझ्या शब्दावर साहेब लोक माणूस घ्यायचे.

कंपनीचा कुठलाही कागद आला की दौलत रविवारी संघटनेच्या नायगावच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. वाचल्याशिवाय कोणी सही करायची नाय. आनंदीबाईंची बंद पडलेली विधवा पेन्शन त्यानेच चालू करून आणली. बाई पाया पडायला येतात, हा पळून जातो.

गेल्या महिन्यात कंपनीने आमचा सत्कार केला. पहिलं नाव माझं पुकारलं. शाल घातली, नारळ दिला, कागद पुढे केला. "शाल मिळाल्याची सही, बस." मुकादम माणूस चारचौघांत चष्मा शोधत बसणार काय? ठोकली सही.

मग कंपनीच्या औषधाच्या कार्डावर परळच्या हॉस्पिटलात बायकोच्या, शेवंतीच्या, हृदयाच्या गोळ्या आणायला गेलो. खिडकीवरची पोरगी म्हणाली, "काका, कार्ड बंद दाखवतंय."

दौलतने त्या कागदाची नक्कल मिळवली. वाचता वाचता त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"दादा, औषधपाण्याचा हक्क सोडतो असं लिहिलंय यात. तीस दिवसांत सही मागे घेता येते. आज पंचविसावा. अजून कोणी सह्या केल्यात?"

"मला काय ठाऊक!"

"एकट्याला कंपनीवाले दारात उभं करणार नाय रे. सगळे पायजेत. पण लाजेने कोण तोंड उघडत नाय."

रविवारी खोली भरलेली. दौलतने विचारलं, सही कोणी कोणी केली? माझ्यासोबत शाल घेतलेले सगळे जमिनीकडे बघत होते. मी उठलो.

"मी केली. न वाचता. सख्खा भाऊ सेक्रेटरी असून."

"मुकादम, तुम्ही पण?" म्हणत रामू उठला. मग एकेक करत एकतीस जण. मी उठलो नसतो तर एक पण उठला नसता, हे लिहून ठेवा.

सह्या मागे घेतल्याचा सगळ्यांचा अर्ज मुदतीत दिला, पोच घेतली. नऊ दिवस झाले, उत्तर नाय. दौलतला कंपनीच्या गेटवरूनच परत पाठवतात. काल त्याच्या दारात एक माणूस शाल-नारळ घेऊन आला. "सेक्रेटरीसाहेबांचा स्पेशल सत्कार." दौलतने उंबरा ओलांडू दिला नाय. जाताना तो माणूस हसून म्हणाला, "एकतीस होते ना? मोजून बघा. चार घरं करून आलोय, अर्जातली चार नावं गेली."

शेवंतीच्या डबीत सहा गोळ्या आहेत. चष्मा मी आता गळ्यात अडकवूनच बसतो. तो माणूस आमच्या मजल्यावर अजून आलेला नाय.