क्रांतीनं जीप अडवली

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे अंकुशचं गॅरेज आहे. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देतो तो डिफ्रन्शियल जुळवण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मग त्याला लकवा मारला. उजवा हात कामातून गेला. तोंड शाबूत राहिलं, आणि ते बायकोवर, क्रांतीवर चालायला लागलं.

क्रांती आधी डिझेलनं पार्ट धुऊन द्यायची. आता अंकुश सांगायचा आणि ती पाना फिरवायची. नवरा-बायकोत बोलणं असं तेवढंच उरलं होतं.

त्या दुपारी चंद्रशेखर आपल्या जीपपाशी येरझाऱ्या घालत होता. पुतणीचा साखरपुडा लोणावळ्याला होता आणि घरची मंडळी तयार होऊन बसली होती.

"वयनी, आजून किती येल? मानसं खोळंबली हायत."

"झालंच," अंकुश परस्पर म्हणाला. "क्रांती, उचल. गाडीला लाव."

नवीन बेअरिंग टाकून सगळं टेबलावर जुळवलं होतं. दातांमधली मोकळीक, म्हणजे प्ले, बरोबर आला होता. तरी क्रांतीनं मोठं दातेरी चाक, ते क्राउन, पुन्हा हातानं फिरवून पाहिलं. जड लागलं. मध्येच कचकन अडखळलं.

"अहो, हे अडतंय."

"नवीन बेअरिंग आहे. बसेल आपोआप."

"नवीन असलं तरी असं अडत नाही."

"मला शिकवतेस?" अंकुशचा आवाज चढला. "वीस वर्षं काय झक मारली मी?"

चंद्रशेखर थबकला. शेजारच्या टायरवाल्यानंही मान वर केली. क्रांतीनं एकदा चंद्रशेखरकडे पाहिलं. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं? पण घाटात बेअरिंग जळून चाकं जागीच धरली, तर मागून येणारा ट्रक कसा थांबणार? तिनं पाना खाली ठेवला.

"मी नाही लावणार. गाडी आज जाणार नाही."

अंकुश लालबुंद झाला. त्याचा डावा हात मनगटाला धरून तिनं क्राउनवर ठेवला, वर स्वतःचा ठेवला आणि सावकाश फिरवलं. एकदा. परत एकदा. दुसऱ्या खेपेला त्याची बोटं दातांवर घट्ट झाली.

"खोल," तो हळू आवाजात म्हणाला.

दोन्ही बेअरिंगांना दाबून धरणाऱ्या लोखंडी टोप्या तिनं काढल्या. ग्रीस पुसल्यावर त्यांच्यावरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा दिसल्या. डावी टोपी उजवीकडे बसली होती, उजवी डावीकडे. टोप्यांची अदलाबदल झाली की बेअरिंग आवळलं जातं. जुळवताना अंकुश टेबलापलीकडे, तिच्या समोर बसून सांगत होता. त्याचं डावं ते तिचं उजवं.

"माझीच चूक," तो म्हणाला. चंद्रशेखरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

टोप्या जागच्या जागी गेल्या, प्ले पुन्हा लावला. या वेळी क्राउन लोण्यासारखं फिरलं. चंद्रशेखरनं घरी फोन करून सगळ्यांना दुसऱ्या गाडीनं पुढं पाठवलं आणि तिथंच बाकड्यावर बसून राहिला.

अंधार पडता पडता क्रांतीनं जीप पनवेलच्या रस्त्याला काढली. शेजारी अंकुश, मागं चंद्रशेखर. वेग चढवून तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला. तिघंही कान देऊन बसले. मागून काही आवाज आला नाही.

"आता चढावावर घे," अंकुश म्हणाला. "आणि तुला काय ऐकू येतं ते सांग."