रिकाम्या रकान्याचा मेसेज

इंदिरानगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघतो. रिपोर्टमध्ये धोक्याचा आकडा आला की पेशंटच्या डॉक्टरांना आपोआप मेसेज जावा, म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेल्या आज्ञांची फाइल, लिहिली होती. डॉक्टरांचे फोन नंबर एका अ‍ॅरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या यादीत होते. काउंटरवर डॉक्टरांचा क्रमांक भरला की स्क्रिप्ट त्या जागेवरचा नंबर उचलायची. वर्षभर ती बिनबोभाट चालली.

एका मंगळवारी सकाळी ओझरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. शांतपणे म्हणाले, "कालपासून तुमचे तीन मेसेज आलेत. यातला एकही पेशंट माझा नाही."

यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. शेलमध्ये, म्हणजे त्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून होते, आणि क्रमांक साठवायची जागा, म्हणजे व्हेरिएबल, रिकामं असलं तर शेल अडत नाही, कुरकुरत नाही; रिकाम्याला शून्य धरून पहिली जागा काढून देतं. सोमवारपासून काउंटरवर नवा फॉर्म आला होता. त्यात डॉक्टरांचा रकाना न भरताही पुढे जाता येत होतं. शेलची ही खोड मला ठाऊक नव्हती असं नाही. पण रकाना रिकामा राहीलच कशाला, असं म्हणून मी तपासणी घातली नव्हती.

लॅब चालवणाऱ्या मॅडमनी तिन्ही पेशंटना फोन लावले. दोघं बोलले. तिसऱ्या, एकलहऱ्याच्या साठीतल्या बाईंचा फोन लागेना. त्यांचं पोटॅशियम फार वाढलं होतं. अशा वेळी हृदय कधीही दगा देऊ शकतं, असं मॅडम म्हणाल्या आणि परत नंबर फिरवू लागल्या. फॉर्मवर पत्ता होता. मी स्कूटर काढली.

नाशिकरोडच्या प्रत्येक सिग्नलला मी खिशातला फोन काढून बघत होतो. मॅडमचा फोन यावा असं वाटत होतं आणि येऊ नये असंही.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ. बाई आत पलंगावर होत्या; सकाळपासून पायात बळ नाही, अशक्तपणा असेल म्हणून झोपू दिलंय, असं त्यांनी सांगितलं. फोन चार्जिंगला लावून बंद ठेवलेला. रिक्षातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. दुपारी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, पण उशीर केला असता तर अवघड होतं.

मग मी काकांना सगळं सांगितलं, माझी चूक कुठली होती तेही.

"कंट्रोल रूममध्ये मीटर बंद पडला की काटा शून्यावरच येऊन बसायचा," ते म्हणाले. "नवीन माणसाला वाटायचं, रीडिंग शून्य आहे."

रागावले की नाही, मला कळलं नाही. चहा प्यायला चला, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली: क्रमांक रिकामा असेल तर थांब आणि माणसाला हाक मार. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. बाई पुढच्या महिन्यात तपासणीला आल्या तेव्हा त्यांचा फॉर्म मी स्वतः दोनदा वाचला.